दोन्या एर्लिंदांचं बाळ शहर बघायला जातं

सहा जानेवारीला आमच्या इमारतीत रोस्का कापला, तेव्हाच मी डोकं दुखतंय म्हणून घरात पडून राहायला हवं होतं. रोस्का म्हणजे सणाचा गोल पाव. त्याच्या पोटात इवलीशी बाहुली लपवलेली असते. ती ज्याच्या तुकड्यात निघेल त्याने दोन फेब्रुवारीला सगळ्यांना तामाल, म्हणजे मक्याच्या पिठाचे पानात वाफवलेले उंडे, खाऊ घालायचे, शिवाय देवबाळाच्या, म्हणजे नाताळात जन्मलेल्या बाळाच्या मूर्तीचा, धर्मपिता होऊन त्याला नवे कपडे आणायचे आणि चर्चमध्ये आशीर्वादाला न्यायचं. ही रीत सगळ्यांना फार आवडते, कारण बाहुली नेहमी दुसऱ्याला निघते. त्या दिवशी माझ्या दाढेखाली कट्‌कन वाजलं. मी अनुभवी माणसाच्या सफाईने ती बाहुली जिभेने गालात सरकवली आणि शांतपणे आणखी कॉफी मागितली.

"मास्तर, गालात काय आहे?" तिसऱ्या मजल्यावरच्या दोन्या एर्लिंदांनी विचारलं. वयस्क बाईंना आमच्याकडे आदराने दोन्या म्हणतात; यांचं वय चौऱ्याऐंशी. चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडाएवढ्या जाड. बाईंना समोरचा जिना दिसत नाही, पण माझा गाल दिसला. शाळेत भूगोल शिकवताना एकतीस वर्षं मी मुलांना हाच प्रश्न विचारत आलो होतो. त्यामुळे तोंड उघडण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

आता देवबाळ घरोघरी असतं, पण आमच्या इमारतीचा धर्मपिता होतो तो दोन्या एर्लिंदांच्या बाळाचा, आणि ते साधंसुधं नाही. डोळे काचेचे, पापण्या खऱ्या केसांच्या, उजव्या हाताची दोन बोटं आशीर्वादासाठी वर केलेली. अशा बाळाला कपडे कुठून घ्यावेत यावर इमारतीत तीन आठवडे चर्चा झाली. तळमजल्यावरचे दंतवैद्य म्हणाले, तयार घेऊ नका, शिवून घ्या. चौथ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, शिवून घेऊ नका, शिंपी लुटतात. दोघांपैकी कोणीही बरोबर येतो म्हणालं नाही.

त्यातच निकानोरचा उत्तरेकडच्या चिवावाहून फोन आला. निकानोर माझा कॉलेजातला मित्र. ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो आणि शेतात हाक मारावी तशा आवाजात दिवाणखान्यात बोलतो. तो आणि त्याची बायको योलांदा राजधानी बघायला येणार होते, नेमके एक फेब्रुवारीला.

"मग एकाच दिवसात उरकून टाक की," माझी बायको सोकोरो म्हणाली. "त्यांना शहर दाखव, खरेदी होऊ दे, बाहेरच जेवा, येताना बाळाचे कपडे. तामालचं मी बघते. तू फक्त बाळ सांभाळ. एवढं तरी जमेल ना?"

या 'एवढं तरी'चा मला फार राग आला.

एक तारखेला सकाळी दोन्या एर्लिंदांनी बाळाला लेसच्या दुपट्यात गुंडाळून, टोपलीत ठेवून माझ्या हाती दिलं. देताना टोपली दोनदा परत ओढली.

"माझ्या आईने पार दक्षिणेकडच्या ओआहाकाहून मांडीवर बसवून आणलंय हे, मास्तर. चर्च सोडलं तर चाळीस वर्षांत कुठे गेलं नाही. माझे गुडघे चालते तर मी तुम्हाला त्रास दिला नसता. उन्हात धरू नका. एकटं ठेवू नका. आणि झगा पांढरा, साधा. सहा वाजता सगळे माझ्याकडे अंगाई म्हणायला येणार आहेत, त्याच्या आत आणा."

"तुम्ही काळजी करू नका."

"करणारच. काळजी करायला मला आता दुसरं कोण राहिलंय?"

मी टोपली छातीशी धरून जिना उतरलो. खाली निकानोर उभा होता. त्याने टोपलीत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "वा! तुझ्यावर गेलंय. केसही तेवढेच."

मेट्रोने शहराच्या मोठ्या चौकात गेलो. कॅथेड्रलसमोर उभा राहून मी त्यांना आपलं शहर तळ्यावर कसं बांधलंय आणि दर वर्षी कसं खचतंय ते सांगू लागलो. हा माझा हातखंडा विषय. यावर मुलं झोपलेली मला आठवत नाहीत, निदान पहिल्या बाकावरची तरी.

"मग तू इथे फार वेळ उभा राहू नकोस," निकानोर माझ्या पोटाकडे बघत म्हणाला आणि त्याने माझा, टोपलीचा आणि कॅथेड्रलचा फोटो काढला. दिवसभर तो फोटोच काढत होता. कबुतरांचे काढले, पोलिसांचे काढले, माझ्या सुटलेल्या बुटाच्या नाडीचाही काढला.

योलांदा तोपर्यंत एका दुकानातून पत्र्याच्या नक्षीदार चौकटीचा आरसा घेऊन आली. आरसा तिच्या खांद्याएवढा उंच. मी म्हटलं, "वहिनी, हा परत जाताना घेतला असता तरी चाललं असतं."

"परत येईपर्यंत विकला गेला असता, भाऊजी. तुम्ही धरा ना जरा हे टोक."

तिथून आम्ही एका वस्तुसंग्रहालयात गेलो. त्याचं नाव सांगत नाही, मला तिथे पुन्हा तोंड दाखवायचंय. दारावरचा माणूस म्हणाला, आरसा बाहेर ठेवा, टोपलीही बाहेर ठेवा.

"टोपलीत बाळ आहे. त्याला एकटं ठेवायचं नाही असा मी शब्द दिलाय."

त्याने दुपटं उचलून पाहिलं, क्रॉसची खूण केली आणि नियमांची पाटी वाचली. पाटीवर लिहिलं होतं: गाठोडी नेण्यास मनाई, तान्ही मुलं कडेवर असल्यास मुभा. "मग कडेवर घ्या," तो म्हणाला. मला हा माणूस अतिशय समंजस वाटला. टोपली आरशाजवळ ठेवून, मी बाळाला कडेवर घेऊन दोन तास संग्रहालय पाहिलं. दुसऱ्या मजल्यावर जुन्या चर्चमधल्या रंगवलेल्या लाकडी मूर्ती होत्या. त्याही मन लावून पाहिल्या. हीच चूक झाली.

बाहेर पडताना दारावर दुसरा माणूस होता. पहिला जेवायला गेला होता.

"ही मूर्ती कुठे नेताय?"

"घरी. माझी आहे. म्हणजे माझी नाही, शेजारणीची आहे."

"वस्तू बाहेर न्यायला आत आणल्याचा कागद लागतो."

"ही वस्तू नाही, बाळ म्हणून आत आली. बाळाला कागद लागत नाही."

"मग बाहेर जाताना वस्तू कशी झाली?"

"ती तुम्ही केलीत!"

साहेबांना बोलावणं गेलं. साहेबांनी आणखी वरच्या साहेबांना फोन लावला. मागे रांग जमली, आणि रांगेतल्या एका शाळेच्या सहलीला त्यांच्या बाई हळूच सांगू लागल्या की चोरी करणं वाईट असतं. एकतीस वर्षं मी अशाच सहली नेल्या आहेत. त्या चाळीस पोरांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी या जन्मी विसरणार नाही. निकानोरने त्याचाही फोटो काढला.

शेवटी एक तज्ज्ञ बाई आल्या. त्यांनी भिंग लावून बाळाचे कान, पापण्या, तळपाय पाहिले आणि जाहीर केलं, "आपलं नाही. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचं बाजारातलं काम. काही विशेष नाही."

शहाण्या माणसाने इथे आभार मानून निघायचं असतं. पण माझं डोकं फिरलं. "काही विशेष नाही म्हणजे? पापण्या बघा! ओआहाकाहून मांडीवर बसून आलंय ते! तुमच्या वरच्या मजल्यावर एकाला तरी असे डोळे आहेत का?"

"अरे चोर ठरत होतास तेच बरं होतं," निकानोर मला ओढत म्हणाला. मी मागे वळून हातवारे करत होतो, बाळ त्याच हातात होतं, आणि बाहेरच्या लोखंडी फिरत्या फाटकावर टक्‌कन आवाज झाला. आशीर्वादाचं एक बोट जमिनीवर पडलं होतं.

मी ते उचलून रुमालात बांधलं. दोन्या एर्लिंदांना हे बोट मी काय तोंडाने दाखवणार होतो?

"तालावेरा गल्लीत बाळांचे डॉक्टर बसतात," आरसा परत देणारा माणूस म्हणाला. "इथून सरळ चार चौक."

आता या शहरात वाट विचारणं म्हणजे काय असतं ते मला समजायला हवं होतं. आमच्याकडे 'माहीत नाही' म्हणणं उद्धटपणाचं समजतात. विचारणाऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवायचं नाही, मग भले तो दुसऱ्या गावाला पोचो. चार चौकांनंतर एका आजोबांनी आम्हाला डावीकडे पाठवलं. डावीकडच्या फळवाल्या बाईने प्रेमाने हात धरून उजवीकडे वळवलं. उजवीकडच्या पोलिसाने इतका सविस्तर रस्ता सांगितला, खुणेची झाडंसुद्धा सांगितली, की त्याला त्यातलं काहीही ठाऊक नाही हे माझ्या लगेच लक्षात आलं. तरी आम्ही गेलो. तासाभराने पुन्हा त्याच फळवाल्या बाईसमोर आलो. तिने आनंदाने विचारलं, "सापडलं ना?" आणि मी 'हो' म्हणालो.

"भूगोलाचा मास्तर ना तू?" निकानोरने विचारलं.

"भूगोल देशांचा असतो. गल्ल्यांचा नसतो."

एवढ्यात एक जोडपं येऊन मला धान्य बाजाराचा रस्ता विचारू लागलं. मी आत्मविश्वासाने म्हणालो, "सरळ जा, दुसऱ्या चौकात उजवीकडे." ते आभार मानून गेले. योलांदा माझ्याकडे बघतच राहिली. मलाही माझं नवल वाटलं, पण तोंडातून दुसरं काही निघालंच नाही. ते जोडपं अजूनही चालत असेल तर मी त्यांची क्षमा मागतो.

शेवटी आम्हाला वाट दाखवली ती समोरून येणाऱ्या बायकांनी. प्रत्येकीच्या कडेवर एकेक बाळ होतं. त्या येत होत्या तिकडे आम्ही गेलो. तालावेरा गल्ली दोन्ही बाजूंनी कपड्यांनी मढली होती: संतांचे झगे, राजाचे, डॉक्टरचे, फुटबॉलपटूचे, सगळे दोन वितींचे. निकानोर एका फुटबॉलच्या सदऱ्याशी येऊन थबकला. "हा घे. याच्या टीमला कोणाच्या तरी आशीर्वादाची गरज आहे."

"साधा पांढरा," मी ओरडलो.

मूर्तींचे डॉक्टर पांढरा कोट घालून बसले होते. त्यांनी मला सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला दिला. बाकावर माझ्या शेजारी एक बाई मांडीवर बाळ थोपटत बसल्या होत्या.

"तुमचं किती वर्षांचं?"

"नक्की ठाऊक नाही. सत्तरच्या पुढे."

"दिसत नाही हो! माझं बत्तीस वर्षांचं, पण गाल बघा कसे काळवंडलेत. मेणबत्त्यांचा धूर. तुम्ही धर्मपिता का? पहिलंच वर्ष? मग अजून दोन आहेत. तीन वर्षांचं असतं ना ते."

तीन वर्षं! हे मला इमारतीतल्या एकाही शहाण्याने सांगितलं नव्हतं. असा दिवस आणखी दोनदा? मी मनातल्या मनात दंतवैद्यांपासून सुरुवात करून सगळ्यांचा उद्धार केला.

"कोणी पाडलं?" डॉक्टरांनी रुमाल सोडत विचारलं.

"याने," मी निकानोरकडे बोट केलं.

निकानोर मला पस्तीस वर्षं ओळखतो. तो डॉक्टरांना फक्त एवढंच म्हणाला, "हो. मीच. जन्मतः नालायक आहे." आणि मग दोन तास माझ्याशी बोलला नाही. बोट चिकटलं, रंगही जमला, पण जरा वाकडं बसलं. आता बाळ आशीर्वाद देतंय असं न वाटता मागच्या बाकावरून शंका विचारतंय असं वाटत होतं. साधा पांढरा झगा मात्र झकास बसला.

जेवायला बसलो तेव्हा तीन वाजून गेले होते. खानावळ छोटी, गर्दी मोठी. वाढणाऱ्या मुलीने न सांगताच लहान मुलांची उंच खुर्ची आणली आणि बाळाला आमच्या टेबलाशी बसवलं. सूप आलं, भात आला, मोले नावाचा घट्ट तिखट रस्सा आला. जाता-येता प्रत्येक जण 'सावकाश जेवा' म्हणत होता आणि प्रत्येकाला मान डोलावता डोलावता माझं सूप गार झालं. दुसऱ्या ग्लासानंतर निकानोर बोलू लागला. "मित्रा, तुझ्यासाठी मी माणसाचं बोट मोडल्याचं कबूल केलं असतं. पण देवाचं? चिवावात कळलं तर माझ्याकडून कोणी नट-बोल्टही विकत घेणार नाही." मी माफी मागितली, त्याने मिठी मारली, मग कॉलेजच्या आठवणी निघाल्या. जेवणानंतर लगेच उठणं आमच्यात असभ्य मानतात. घड्याळात पावणेपाच झाले, तेव्हा मात्र मी ताडकन उठलो. आरसा उचला, पिशव्या उचला, योलांदाने मध्येच घेतलेली पाच मातीची भांडी उचला, पळा!

मेट्रोत आरसा दाराजवळ उभा केला. आजूबाजूचे प्रवासी त्यात बघून केस सारखे करू लागले. चौथ्या स्टेशनला गर्दी हलली आणि आरशात मला मी दिसलो. डाव्या हातात भांडी. उजव्या हातात रिकामी टोपली.

"बाळ!" मी किंचाळलो. "बाळ खानावळीतच राहिलं!"

अख्खा डबा माझ्याकडे वळला. एका बाईने छातीवर हात मारला. "अरे देवा! किती महिन्यांचं?"

"बाई, घाबरू नका," निकानोरने समजूत घातली. "खरं बाळ नाही. देवबाळ आहे."

त्याला वाटलं, डबा सुटकेचा श्वास टाकेल. डबा आणखी हादरला. कोपऱ्यातल्या एका म्हातारबाईंनी क्रॉसची खूण केली आणि मला म्हणाल्या, "पोटचं पोर विसरला असतात तर एक वेळ समजले असते मी. ते रडून कोणाला तरी बोलावतं. हे बिचारं कोणाला हाक मारणार?"

मला एकाएकी खूप वाईट वाटलं. दिवसभर मी बाळावर, बाहुलीवर, रोस्क्यावर चरफडत होतो. आता माझ्या डोळ्यांसमोर ती उंच खुर्ची आली, आजूबाजूला अनोळखी माणसं, आणि दोन्या एर्लिंदा तिसऱ्या मजल्यावर खिडकीशी बसलेल्या. एकटं ठेवू नका, एवढंच तर सांगितलं होतं त्यांनी. डब्यातल्या चार माणसांनी आरसा आणि आम्हाला पुढच्या स्टेशनवर उतरवून उलट दिशेच्या गाडीत बसवलं.

बाळ खानावळीतच होतं. समोर तांदळाची खीर ठेवलेली, भोवती वाढणाऱ्या दोन मुली आणि कमरेवर हात ठेवून उभी असलेली आचारीणबाई.

"तुमचंच कशावरून?" ती म्हणाली. "अर्ध्या तासात दोघं येऊन गेले, त्यांचंही हरवलंय म्हणत होते."

"बोट वाकडं आहे बघा."

"ते इथल्या सगळ्यांनी पाहिलंय."

तेव्हा निकानोरने फोन पुढे केला. आचारीणबाईने दिवसभराचे सगळे फोटो पाहिले. कॅथेड्रल पाहिलं, संग्रहालयाच्या दारातला माझा चोराचा चेहरा पाहिला, डॉक्टरांचा बाक पाहिला. "इथे मान नीट धरली नाहीये," ती म्हणाली. "इथे तोंडावर ऊन येतंय." मी मान खाली घालून ऐकून घेतलं. मग तिने बाळाचं तोंड पुसलं आणि माझ्या हातात दिलं.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा सव्वासहा झाले होते. अख्खी इमारत दोन्या एर्लिंदांच्या घरात बसली होती. दंतवैद्यांनी घड्याळाकडे बघितलं, सोकोरोने माझ्याकडे बघितलं. मी टॅक्सीत एक चांगली गोष्ट रचून ठेवली होती, तिच्यात रस्त्यावरचा मोर्चा होता आणि बंद पडलेली मेट्रो होती. दोन्या एर्लिंदांनी बाळाला घेतलं, झग्यावरून हात फिरवला, मग हातावरून, आणि बोटाशी थांबल्या.

"हे काय?"

"मी मोडलं," मी म्हणालो. मोर्चा कुठे गेला कोण जाणे. "संग्रहालयाच्या दारात भांडताना. डॉक्टरांना सांगितलं निकानोरने मोडलं म्हणून. आणि खानावळीत विसरलोही होतो. अर्धा तास एकटं होतं."

निकानोरला शांतता सहन होत नाही. त्याने फोन काढला आणि सगळं सुरुवातीपासून सांगितलं. साहेबांच्या आवाजात सांगितलं, तज्ज्ञ बाईंच्या आवाजात सांगितलं, माझा आवाज तर असा काढला की सोकोरो भिंतीला टेकून हसली. दोन्या एर्लिंदा फोन डोळ्यांना चिकटवून बाळाचा एकेक फोटो बघत होत्या. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडतायत. त्या हसत होत्या.

"मेट्रोत बसलं?" त्यांनी चष्मा पुसत विचारलं.

"जाताना बसलं. येताना टॅक्सी."

"आईनंतर याला कोणी एवढं हिंडवलं नाही." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "पण तुमचा चेहरा किती उतरलाय, मास्तर. पुढची दोन वर्षं राहू द्या. तुम्हाला मोकळं केलं मी. हे चिवावाचे पाहुणे हौशी दिसतात, ते होतील धर्मपिता."

"आनंदाने!" निकानोर म्हणाला. "तिकडे वाळवंट दाखवतो त्याला."

हेच ऐकायला मी दिवसभर तळमळत होतो. पण माझ्या तोंडून ओरडणं बाहेर पडलं. "अजिबात नाही! तीन वर्षांचं असतं ते! बाहुली माझ्या दाढेत निघाली, याच्या नाही! हा मान धरत नाही, उन्हात धरेल, फुटबॉलचा सदरा घालेल! दोन वर्षं माझी आहेत आणि ती मी कोणाला देणार नाही!"

सगळे माझ्याकडे बघत राहिले. सोकोरोचं तोंड उघडंच होतं. माझे कान तापले, पण शब्द मागे घ्यायला मन होईना.

दोन्या एर्लिंदा काठी टेकत उठल्या. "तुमच्याआधीच्या चौघांनाही मी असंच मोकळं केलं होतं," त्या म्हणाल्या. "चौघांनीही माझ्या हाताचं चुंबन घेतलं आणि जिना उतरले." त्यांनी बाळाला उचललं, कपाळाला कपाळ लावलं आणि माझ्या हातात दिलं. "अंगाई झाली की आज तुमच्याकडेच न्या. मी जरा निवांत झोपते. उद्या चर्चला जाताना मला हाक मारा. आणि मास्तर, ते खिडकीकडे तोंड करून झोपतं."

आमच्या घरात खिडकीकडे तोंड असलेला पलंग एकच आहे, आणि तो पाहुण्यांना दिला होता. निकानोर आणि योलांदा जमिनीवर झोपले.